नोएलाच्या डोक्यातली भोकं

ज्यूलने ते दोन फोटो फ्रिजला चिकटवले ते मुद्दाम सगळे जेवायला बसल्यावर. माणसाच्या मेंदूचे फोटो होते, करड्या रंगाचे, मधोमध काळी पोकळी असलेले. डावीकडच्या फोटोतली पोकळी चिंचोळी होती, उजवीकडच्यातली चांगली ऐसपैस.

"ही माझी खोपडी," ज्यूल डावीकडे बोट दाखवत म्हणाला. "आणि ही आमच्या बाईसाहेबांची. भोकं बघ पापा, भोकं! हिच्या डोक्यात वारा कुठून शिरतो ते आज कळलं."

आल्सीदने हातातला काटा खाली ठेवला, चष्मा न लावताच लांबून फोटो पाहिले आणि तो लेकीकडे, नोएलाकडे वळला.

"सोमवारी तू बोटीवर येणार नाहीस. संपला विषय."

सोमवार म्हणजे नोव्हेंबरचा शेवटचा सोमवार. त्या दिवशी पब्निको गावच्या धक्क्यावरून सगळ्या बोटी पिंजऱ्यांचे ढीग लादून निघतात आणि शेवंडीचा, म्हणजे मोठ्या समुद्री झिंग्यांचा, हंगाम सुरू होतो. सोमवारी जो बोटीवर नसतो त्याला मे महिन्यापर्यंत कुणी विचारत नाही, कारण तोवर सगळ्यांचे खलाशी ठरलेले असतात. नोएला तीन हंगाम बापाच्या बोटीवर राबली होती. खारवलेला बांगडा आमिषाच्या पिशव्यांत भरून भरून तिच्या हातांची सालटी निघाली होती. तिला चौथा हंगाम हवा होता. आजारातून उठलेल्या माणसाला पुन्हा कामाचं माणूस व्हायचं असतं, इतकी साधी गोष्ट. पण साधी गोष्ट या घराच्या गळी उतरवणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं.

गेल्या फेब्रुवारीत तिला बोटीच्या रेडिओतून आवाज येऊ लागले. ते तिचंच नाव घेत, तिलाच शिव्या घालत. एका धुक्याच्या सकाळी तिने तो रेडिओ तारांसकट उपटून समुद्रात भिरकावला. मग हॅलिफॅक्स शहरात दवाखाना, गोळ्या, महिनाभराचा मुक्काम. एप्रिलमध्ये आवाज गेले ते पुन्हा आले नाहीत. तिथल्या डॉक्टरांचं संशोधन चालू होतं, की या आजाराच्या पहिल्या वर्षात मेंदूच्या घडणीत काय फरक दिसतो. तुलनेला निरोगी माणसंही हवी होती म्हणून त्यांनी तिच्या भावाला बोलावलं. ज्यूल गेला तो शहरात हॉकीची मॅच बघायला मिळेल म्हणून, आणि आला तो 'निरोगी' हा शब्द बिल्ल्यासारखा छातीवर मिरवत. हवा असेल त्याला ते मेंदूचा एक फोटो पाठवत, निव्वळ हौसेखातर. दोघांचा पत्ता एकच, म्हणून दोन्ही फोटो एकाच पाकिटातून आले होते.

"कुठला कुणाचा हे पाकिटात लिहिलं होतं का रे?" नोएलाने विचारलं.

"लिहायला कशाला हवं? आंधळ्यालाही कळेल."

"तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, शेकडो डोकी एकत्र मोजली तर फरक दिसतो. एकट्यादुकट्या डोक्याकडे बघून काही सांगता येत नाही."

"म्हणणारच! वेड्यांना बरं वाटावं म्हणून पगार मिळतो त्यांना."

नोएलाच्या अंगाचा तिळपापड झाला. ती उठून फ्रिजपाशी गेली, आणि तेव्हा तिला फोटोंच्या कोपऱ्यातले बारीक आकडे दिसले. त्या संशोधनात कुणाचं नाव घेत नसत. ती सहा वेळा गेली होती आणि दर वेळी दारातच नंबर विचारायचे. अडतीस, अडतीस, असं सांगून सांगून तो तिला स्वतःच्या नावाइतका पाठ झाला होता. ज्यूल एकदाच गेला होता आणि आपला नंबर घरी पोचेपर्यंत विसरला होता. चिंचोळ्या पोकळीच्या फोटोवर अडतीस होतं. ऐसपैस पोकळीवर एकसष्ट.

"माझा नंबर अडतीस," ती म्हणाली. "ये, वाच."

ज्यूल हसत हसत आला. वाचलं. पुन्हा वाचलं. हसू ओठांवर तसंच राहिलं, पण बाकीचा चेहरा पार उतरला.

"काय रे, डोक्यात वारा शिरतोय का?" नोएला म्हणाली.

"तोंड सांभाळ, वेडे!" तो ओरडला. मग आवाज एकदम खाली आला. "म्हणजे... मलाही होणार का ते?"

उत्तर तिला ठाऊक होतं. त्या फोटोवरून काहीच ठरत नाही, हे तिने आत्ताच सांगितलं होतं. पुन्हा सांगायला काही पैसे पडत नव्हते. पण तिने सांगितलं नाही. त्याला तडफडू दे थोडं, असं तिला मनापासून वाटलं.

आल्सीद उठला आणि त्याने दोन्ही फोटो ओरबाडून काढले. "असल्या चित्रांत काय कळतं? यंत्राचा घोळ असेल."

"पाच मिनिटांपूर्वी घोळ नव्हता," नोएला म्हणाली. "सोमवारी ज्यूल येणार?"

"येणार."

"एवढी भोकं घेऊन?"

"आठ वर्षं येतोय तो. फोटो खोटा आहे म्हटलं ना!"

"मग माझ्यावर कशाला उगारलास? फोटो खोटा, गोळ्या मी एक दिवस चुकवत नाही, डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली आहे. आता कारण सांग पापा. खरं कारण."

आल्सीदने टेबलाची कड धरली. ज्यूलने काही बोलायला तोंड उघडलं, तशी बापाने त्याला हातानेच गप्प केलं.

"मला तुझी भीती वाटते," आल्सीद म्हणाला. "त्या सकाळी तू रेडिओ फेकलास तेव्हा दुसऱ्या हातात आमिष कापायची सुरी होती. तू माझ्याकडे रोखून बघत होतीस आणि मला ओळखत नव्हतीस. पोटची पोर, आणि ओळखत नव्हतीस."

नोएलाला रेडिओ आठवत होता. सुरी आठवत नव्हती. इतक्या महिन्यांत तिच्याबद्दल कुणी सांगितलंही नव्हतं.

"मी तुला काही केलं का?"

"नाही. सुरी टाकलीस आणि रडायला लागलीस."

"मग?"

"मग काही नाही. पिंजरा ओढताना मला खाली वाकावं लागतं. तू मागे उभी असशील. मला ते जमणार नाही."

त्याने आपली ताटली उचलली आणि तो भांडी घासायच्या मोरीकडे निघाला. जागा अरुंद होती, नोएला वाटेत होती. तो भिंतीला अंग घासत, खेकड्यासारखा तिरका, तोंड तिच्याकडे ठेवून पुढे सरकला. एप्रिलपासून तो घरात असाच चालत होता. तिला वाटत होतं, म्हाताऱ्याची कंबर धरली असेल.