शेवट नसलेला तिसरा भाग

मी तिसरा भाग बोलतोय. एका मोठ्या अद्भुत गोष्टीचा शेवटचा भाग. पहिले दोन वाचून लोक दोन वर्षं माझी वाट पाहत होते, आणि माझ्या पोटात शेवटच नव्हता. हे एकट्या मलाच ठाऊक होतं. भीती काय असते ते मला विचारा.

माझा जन्म बाइंडिंगखान्यातल्या लांब टेबलावर झाला. तिथे फर्म्यांच्या वीस थप्प्या ओळीने मांडलेल्या असत. फर्मा म्हणजे घडी घातलेली सोळा पानं. जुळणी करणारी मुलगी टेबलाच्या कडेने चालत जायची, प्रत्येक थप्पीतला एकेक उचलायची, वीस झाले की पुस्तक शिवणीला.

ही मुलगी या गोष्टीची वेडी होती. शेवट आधी कळू नये म्हणून विसाव्या थप्पीपाशी येताच ती डोळे गच्च मिटायची आणि चाचपून फर्मा उचलायची. शेजारच्या मावशी हसायच्या, "अगं, फर्मा आहे तो, साप नव्हे!"

माझ्या वेळी तिचा हात जरा अलीकडे पडला. एकोणिसावा फर्माच दुसऱ्यांदा उचलला गेला. मी ओरडलो असतो, पण पुस्तकाला आवाज असतो तो वाचणाऱ्याचा.

फर्म्यांच्या पाठीवर काळ्या खुणा असतात. जुळणी बरोबर असेल तर त्या जिन्यासारख्या उतरतात. माझ्या जिन्याला शेवटची पायरी नव्हती. तपासणाऱ्याचं लक्ष नव्हतं. सरस लागला, कव्हर चढलं आणि सगळं झाकलं गेलं.

पुढे माझ्या कव्हरचा कोपरा दुमडला. मुकादमाने मला बाजूला काढलं. रद्दी कापायच्या मशीनचं पातं समोरच खालीवर होत होतं. संपलो, असं वाटलं. पण तो त्या मुलीला म्हणाला, "हा विकायला जायचा नाही. तू ने. पुस्तक बाजारात येईपर्यंत कुणाला दाखवू नकोस."

सगळं जग सोडून नेमकी तीच!

तिच्या घरी बाबा लोकांचे कपडे इस्त्री करायचे. कामावरून आली की ती स्टुलावर बसून मला मोठ्याने वाचायची. ज्योत घेऊन गोठलेला समुद्र ओलांडणारी एक मुलगी आणि तिच्यासोबतचा म्हातारा लांडगा. बाबांचा सगळा जीव त्या लांडग्यात.

"हे बघ, लांडगा मेला ना, तर पुस्तक इस्त्रीखाली घालीन."

"बाबा, त्यात पुस्तकाचा काय दोष?"

"मग कुणाचा?"

ती हसायची. मला मात्र त्या तापलेल्या इस्त्रीची धग कव्हरापर्यंत जाणवायची. रोज तिच्या उजव्या अंगठ्याखालची पानं कमी व्हायची. दोनशे साठ. दोनशे नव्वद. वाच, पण हळू वाच, असं मी मनात म्हणत राहायचो.

तीनशे चाराव्या पानावर बर्फ फुटला आणि लांडगा पाण्यात गेला. तिने श्वास रोखून पान उलटलं.

दोन ओळी ऐकून बाबा म्हणाले, "हे तर काल झालं."

तिने पानाचा आकडा पाहिला. दोनशे एकोणनव्वद. मग माझ्या पाठीवरून बोट फिरवलं.

"बाबा, हे मीच केलंय. डोळे मिटून."

"होतं गं. एकदाच ना?"

"डोळे मी प्रत्येक वेळी मिटले होते. चारशे प्रती."

बाबांचा हात जागीच थांबला. कुणाच्या तरी सदऱ्याची कॉलर तांबूस झाली.

"अजून गोदामातच आहेत," ती म्हणाली. "सांगितलं तर काम जाईल."

"आणि नाही सांगितलंस, तर किती घरांत हा लांडगा बर्फाखालीच राहील कोण जाणे."

सकाळी तिच्या पिशवीत मला रस्ताभर हिसके बसत होते. तिचे पाय तीनदा माघारी वळले. शेवटी तिने मला मुकादमापुढे ठेवलं आणि चारशे प्रतींचं सांगितलं. त्याने माझी पानं फर्रकन सोडली.

"तुला सापडलं, की तू केलंस?"

"मी केलं."

त्याने गोदामाकडे बोट दाखवलं. "मग चारशेही तूच उघड. शेवटचं पान बघ. डोळे मिटलेस तर उद्यापासून येऊ नकोस."

आणि त्याने मला रद्दीच्या ढिगात टाकलं. मशीन दोन हातांवर होतं. पातं पडलं की ढीग हादरायचा. तिथून मी तिला पाहत होतो. मजकुरावर तळहात ठेवून ती फक्त आकडा बघत होती. तीनशे वीस. तीनशे वीस. माझी सात भावंडं निघाली. त्यांना उसवून नीट केलं. दुमडलेल्या कोपऱ्याच्या मला कोण विचारतो? ढीग कमी होत माझ्यापर्यंत आला, तेवढ्यात तिचा हात आला.

"हा घेऊ का?"

"रद्दी आहे ती."

"असू दे."

तिने जास्तीचा फर्मा काढून खरा विसावा स्वतः शिवला. तो दोऱ्याएवढा बाहेर डोकावतो. मला लाज वाटत नाही.

आज मी तिच्या मांडीवर आहे. बाबांनी इस्त्री बंद करून ठेवलीय. वाटलं होतं, शेवट मिळाला की माझी भीती जाईल. पण आता लांडग्याचं काय होतं ते मला ठाऊक आहे, आणि या दोघांना नाही. वाचकहो, शेवटच्या पानांपाशी तुमचा हात अडला, तर आम्हाला मिटून टाकू नका. आम्हीही तेवढेच घाबरलेले असतो.

"बाबा, राहू दे का?"

"वाच," बाबा तिच्याजवळ सरकून बसले. "आणि डोळे उघडे ठेव."

तिने पान उलटलं.