सेक्रेटरींची फणसाची होडी

मी अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरची चौदा फुटी शिडाची होडी बोलतेय. मागच्या महिन्यात मी बुडाले, हे तुमच्या कानावर आलंच असेल. अख्ख्या उमेळे गावात त्याचा व्हिडिओ फिरला. लोक पोट धरून हसले, पण माझी बाजू कोणी विचारली नाही.

होडी होण्याआधी मी उमेळ्यात फणसाचं झाड होते. रिटा आंटीच्या वडिलांनी मला लावलं. पुढे वाडी गेली, इमारत आली. आंटीला तळमजल्यावर फ्लॅट मिळाला आणि मला कंपाउंडच्या भिंतीलगत जागा. फळ पिकलं की खाली पडणार, हा फणसाचा धर्मच आहे. आता नेमकी त्याच्याखाली कोणी नवी कोरी गाडी लावली, तर त्यात माझा काय दोष? बॉनेटला खळगा पडला आणि सोसायटीची तातडीची सभा भरली. समोसे अर्धा तास चालले, चर्चा पाच मिनिटं. मला कापायचा ठराव एकमताने मंजूर झाला. आंटी हात वर न करताच उठून गेली होती, तो होकार धरला.

ठरावावर सही विद्याधर सेक्रेटरींची. विमा कंपनीतून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ. गेली अठरा वर्षं ते इमारतीच्या गच्चीच्या गळतीशी लढत आहेत. पाण्याचा थेंब दिसला की त्यांना चोर दिसल्यासारखं होतं.

करवत आली त्या दिवशी आंटी माझ्या बुंध्याशी खुर्ची टाकून बसली. भांडली नाही, रडली नाही. सेक्रेटरींना एवढंच म्हणाली, "माझ्या बापाचं झाड हाय. भट्टीत घालू नका."

सेक्रेटरी विरघळले. सही करताना विरघळले असते तर बरं झालं असतं. मालवणला आजोळी त्यांनी लहानपणी फणसाच्या लाकडाच्या होड्या पाहिल्या होत्या, त्या आठवल्या आणि ते बोलून गेले, "नाही आंटी, याची होडी करतो. स्वतःच्या हाताने. आणि पहिल्यांदा तुम्हीच बसायचं."

"बघू," आंटी म्हणाली, आणि खुर्ची उचलून घरात गेली. त्या दिवसापासून तिने सेक्रेटरींशी बोलणं टाकलं. जिन्यात समोर आले की ती लेटरबॉक्सवरची नावं वाचत उभी राहायची. माणसाला हे फार लागतं. गळतीपेक्षाही लागतं.

माझे ओंडके चिरून वर्षभर सावलीत वाळवले आणि फळ्या अर्नाळ्याच्या चंद्रहासकडे आल्या. चंद्रहास सत्तरीचा, जुना होडीवाला सुतार. आता फायबरच्या होड्यांना ठिगळं लावतो. लाकडाची होडी करायची म्हटल्यावर म्हातारा किती तरी वेळ माझ्यावरून नुसता हात फिरवत बसला. सेक्रेटरींनी इंटरनेटवरून नकाशा छापून आणला होता. चंद्रहासने त्यात सुके बोंबील बांधून घरी नेले.

चार महिने सेक्रेटरी रोज स्कूटरवरून यायचे. सुताराच्या वाकसाने तासताना त्यांनी माझं जेवढं लाकूड सोललं, त्याहून जास्त स्वतःची बोटं सोलली. पण चिकाटी सोडली नाही, हे मी कबूल करते. डोलकाठी उभी राहिली तेव्हा माणूस तिच्याभोवती प्रदक्षिणा घालत होता.

शेवटचं काम फटींचं. दोन फळ्यांमधल्या फटीत तेलात भिजवलेला कापूस ठोकून भरतात. चंद्रहासने डावी बाजू स्वतः भरून दाखवली आणि भाचीच्या हळदीला जाताना सांगून गेला, "उजवी तुमी भरा."

सेक्रेटरी कापसाकडे बघत राहिले. कापूस? कापसाने कधी गळती थांबते? अठरा वर्षांचा अनुभव उसळून आला. ते स्कूटरवर बसले, घरी गेले आणि गच्चीचं उरलेलं वॉटरप्रूफिंग डब्यासकट घेऊन आले. माझी अख्खी उजवी बाजू त्यांनी त्या करड्या लगद्याने लिंपली आणि वरून निळा रंग मारला. मी काय बोलणार? लाकडाला बोलता आलं असतं, तर मी त्या सभेतच बोलले असते.

पाण्यात उतरायच्या दिवशी अर्धी सोसायटी किनाऱ्यावर. नारळ फुटला, हार पडला. रिटा आंटी ठेवणीतली साडी नेसून आली, कोणाशी न बोलता चढली आणि मधल्या फळीवर बसली. सुकाणूवर चंद्रहास. दहा वाव गेलो नाही, तोच लाटेने मला पिळलं. लाकूड वाकलं, लगदा वाकेना. तो कडाकड फुटला आणि समुद्र उजव्या बाजूने आत शिरला. आंटीच्या चपला आधी तरंगल्या, मग मी बुडाले. पाणी कमरेएवढंच होतं, म्हणून निभावलं. चंद्रहासने आंटीला हाताला धरून किनाऱ्यावर आणलं.

दीड वर्षाने आंटी सेक्रेटरींशी बोलली. "झाड कापलं. आता मला पन बुडवा."

मला ओढून वाळूवर घेतलं. लोक पांगल्यावर चंद्रहासने माझ्या फटीतला करडा तुकडा नखाने काढला, हुंगला आणि सेक्रेटरींच्या तळहातावर ठेवला.

"सायेब, गच्ची जागची हलत नाय. होडी हलते. लाकूड पानी पितं, फुगतं. त्याला जागा नको?"

 सेक्रेटरी तसेच आंटीच्या दारात गेले आणि झालं ते सगळं सांगितलं. सही आपली होती, लगदाही आपलाच होता, चंद्रहासचा काही दोष नाही, असं म्हणाले. आंटीने ऐकलं आणि दार लावून घेतलं.

पुढचे नऊ दिवस ते पटाशीने तो लगदा खरवडत होते. कापूस पुन्हा भरला, या वेळी मुकाट्याने. मग चंद्रहासने माझ्या पोटात दगड भरून मला मुद्दाम खाडीत बुडवून ठेवलं. सेक्रेटरी दोन दिवस काठावर बसून होते. डोळ्यांसमोर होडीत पाणी आणि उपसायचं नाही, त्यांच्यासाठी यापेक्षा मोठी शिक्षा नसेल. मी मात्र पोटभर प्यायले, फुगले, फळीला फळी घट्ट भिडली.

दुसऱ्या वेळी ना हार, ना नारळ. सेक्रेटरींनी आंटीच्या दारात भरतीची वेळ लिहिलेली चिठ्ठी टाकली होती. येईल याची खात्री नव्हती. आंटी आली. साधी साडी, अनवाणी, मांडीवर पाणी उपसायला प्लॅस्टिकचं टमरेल. शीड फुगलं. आम्ही समुद्रातल्या अर्नाळ्याच्या किल्ल्याच्या दिशेने बरंच लांब गेलो आणि परत आलो. टमरेल कोरडं राहिलं.

उतरल्यावर सेक्रेटरींनी भीतभीत विचारलं, "आंटी, आता राग गेला ना?"

"राग हाय," आंटी म्हणाली. थोडी पुढे गेली आणि वळली. "उद्या किती वाजता?"

तेव्हापासून रोज येते. सेक्रेटरी वल्हं मारतात आणि ती त्यांच्या चुका काढते. तुम्ही कधी या बाजूला आलात, तर मला रंग लावा, तेल लावा, वाटेल ते करा. पण आंटीचा राग घालवायला जाऊ नका. तो गेला, तर ती उद्या कशाला येईल?