डबीतली दोन बटणं

गुरुवारी मी घर सोडणार होते, कायमचं. आमच्या ह्यांना मी ते महिनाभर सांगत होते, पण त्यांच्या पाठीमागे बसून. दोन वर्षांपूर्वीच्या आजारपणात ह्यांचे कान गेले. कानाचं मशीन लावायचे ते फक्त बाहेर. जाताना डबी खिशात, आल्यावर कपाटावर. मग घरात मी भिंतीशी बोलायचं का? त्यापेक्षा ह्यांची पाठ बरी. हे खिडकीशी पेपर वाचायचे, मी मागे लोकांच्या पँटी आखूड करायचे आणि मनातलं सगळं ओकायचे. धाकट्या बहिणीने माझ्यासाठी खोली रिकामी केलीय, हे सांगितलं. जुन्या बॅगेची चेन तुटलीय, हेसुद्धा.

मंगळवारी मी ह्यांच्या मशीनचे सेल आणायला गेले. माझ्यामागे ह्यांचे हाल नकोत, वर्षभराचे भरून ठेवू म्हटलं. माझा मेला स्वभावच तसा. दुकानात कान तपासणारी बाई माझ्याकडे बघतच राहिली.

"मशीन तर त्यांनी वर्षापूर्वीच परत केलं," ती म्हणाली. "कान ठणठणीत झालेत त्यांचे. काय खूश होते! म्हणाले, आधी घरी जाऊन बायकोला सांगतो."

मी हसून वेळ मारून नेली. घरी येऊन डबी उघडली. आत शर्टाची दोन बटणं. डबी खुळखुळावी म्हणून वर्षभर हा माणूस बटणं खिशात घालून हिंडत होता.

म्हणजे सगळं ऐकलं होतं. नावं ठेवली ती, रडले ते, सगळं. बहिऱ्याला उत्तर द्यावं लागत नाही, एवढ्यासाठी हे सोंग! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण खोटं कशाला बोलू, आत कुठेतरी खुळी आशाही होती. मी जाणार हे ऐकलंय, म्हणजे अडवतील. बुधवारी दिवसभर वाट पाहिली. हे आपले पेपरात डोकं घालून.

गुरुवारी सकाळी मी जाऊन मागे उभी राहिले.

"डबी उघडून पाहिली मी," नेहमीच्याच आवाजात मी म्हणाले. "एकदा नुसतं थांब म्हणा. बॅग भरणार नाही."

पेपराचं पान उलटता उलटता हात थांबला. ह्यांचे कान लाल झाले.

"चेन नवी बसवून आणलीय," हे म्हणाले. वळले नाहीत. "वरच्या फळीवर आहे. तुझा हात पुरायचा नाही, मी काढून देतो."

वर्षभराच्या बोलण्याला मिळालेलं हे पहिलं उत्तर. स्टुलावर चढून त्यांनी बॅग उतरवली, फडक्याने धूळ पुसली आणि पुन्हा खिडकीशी जाऊन बसले. मी चेन या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून पाहिली. कुठेच अडली नाही.