फिटिंगची झूल

मी मोगऱ्या बोलतोय. बैल आहे म्हणून बिचकू नका, शिंगं हलवणार नाही. शेवगावजवळच्या आमच्या गावात मला नुसता नांगराचा बैल समजतात, त्याचं वाईट वाटतं. अहो, फिटिंगचा कपडा घालणारा पंचक्रोशीतला पहिला बैल मी.

माझे मालक आसाराम. त्यांच्याच गोठ्यात मी जन्मलो आणि त्यांची मुलगी चांगुणा माझ्याबरोबर वाढली. तिच्या हाती लागलेलं कापड पुन्हा त्याच रूपात कधी दिसलं नाही. आईच्या लुगड्याचा पडदा झाला, पडद्याचा परकर. काकासाहेब शिंप्यांच्या दुकानापुढं उभी राहून ती पोरांच्या बेलबॉटम विजारी बघायची आणि घरी येऊन माझ्या पायांकडं बघायची. मला घाम फुटायचा.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात दुष्काळामुळे आम्ही गुरं छावणीत होतो. तिथं चांगुणा सुतळी घेऊन आली आणि माझ्या पोटाचं माप घेऊ लागली.

"मोगऱ्या, हलू नको. पोळ्याला तुला पोटाखाली बटणं लावायची झूल शिवते. निस्ती पाठीवर टाकायची न्हाई, अंगाबरोबर."

काकासाहेबांकडं शिकायला जायचा हट्ट तिनं कधीचा धरला होता. आसाराम वैतागून म्हणाले, "पोळ्याला ही झूल नीट मिरवली तर धाडतो शिकाया. गावात हसं झालं तर सुई-दोरा चुलीत."

चांगुणानं लुगड्याची झूल शिवली, आत दुष्काळात रेशनवर आलेल्या मिलो ज्वारीच्या पोत्याचं अस्तर घातलं आणि ती पेटीत ठेवली. नवा कपडा सणाआधी अंगाला लावायचा नसतो, असं तिची आई सांगायची. त्यामुळे घालून बघायचा प्रश्नच नव्हता.

मग पाऊस झाला. गवत आलं. मी खाल्लं. यात माझी काय चूक ते तुम्हीच सांगा.

पोळ्याच्या दिवशी बटणं लावताना चांगुणाचा चेहरा उतरला. तरी तिनं मला पोट आत घ्यायला लावून ती लावलीच. माझा जोडीदार हौशा जुन्या सैल झुलीत मजेत रवंथ करत होता. वेशीपर्यंत मी श्वास रोखून गेलो. मारुतीपुढं हलगी कडाडली, मी दचकलो आणि श्वास सुटला. झुलीच्या दोन्ही कुशी टरकन उसवल्या. एक बटण पोलीस पाटलांच्या मिशीत अडकलं. अख्खा गाव हसला, हौशासुद्धा.

चांगुणा रडेल असं मला वाटलं होतं. तिनं पोलक्याला खोचलेली सुई काढली, बापाच्या डोक्यावरचा नवा केशरी फेटा ओढला, दातानं फाडला आणि झूल रुंद करायला दोन्ही कुशींत त्याच्या तिकोनी पट्ट्या, म्हणजे कळ्या, भरून टाकल्या. आसाराम उघड्या डोक्यानं उभेच. हलगीवालाही वाजवायचं विसरला.

"पोरी, फेटा गेला," ते म्हणाले. मग त्यांनी माझ्या पोटावरून हात फिरवला आणि फिरवतच राहिले. "बरगड्या मोजत छावणीतनं आणलं हुतं ह्याला. आज ह्याला कापड पुरंना. हसू द्या लोकांना. चांगुणे, उद्या जा काकासाहेबाकडं."

पुढच्या पोळ्याला गावातल्या निम्म्या बैलांच्या कुशीत केशरी कळ्या होत्या. झुली जाणूनबुजून उसवून भरलेल्या. हौशानंही हट्ट धरला. फेटे मात्र लोकांनी घरीच ठेवले.

परवा चांगुणाचं शिवणयंत्र गाडीत घालून मीच एस.टी.पर्यंत ओढलं. नगरला ती दुकान घालणार आहे. तिच्या कामाला शहरात काहीतरी मोठं इंग्रजी नाव आहे म्हणे. निघताना ती माझ्या गळ्यात पडली आणि मग तिनं पोटाचं माप घेतलं, आता फक्त हातांनी.

तुम्ही कधी तिच्याकडं कपडे शिवायला गेलात, तर ती माप घेण्याआधी तुम्हाला पोटभर जेवायला वाढेल. चकित होऊ नका, नको म्हणू नका. ही पद्धत तिनं माझ्यावरून शिकलीय. एक पोळी जास्त खा, आणि मोगऱ्यानं आठवण काढली म्हणून सांगा.