कुठल्या काळातलं सिली?

लाँड्रीवाल्या आत्याबाईंना कुणी वेडं म्हटलं तर त्या हसून सोडून देत. पण सख्ख्या भाचीने म्हटलं, तेही इंग्रजीत आणि गिऱ्हाइकांसमोर, ते मात्र जिव्हारी लागलं.

झालं होतं एवढंच. एका कोटावर डाग उरला होता, भिंग लावूनच दिसावा असा. आत्याबाईंनी "उद्या या" म्हणून गिऱ्हाइकाला परत पाठवलं आणि कोट पुन्हा धुवायला घेतला. काउंटरवरच्या भाचीने कपाळावर हात मारला. "आत्या, यू आर सो सिली!" उभे असलेले लोक हसले.

सिली म्हणजे बावळट, एवढं आत्याबाईंना ठाऊक होतं. तरी तो शब्द डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या मॅडम शाल न्यायला आल्या, तेव्हा घडी घालता घालता आत्याबाईंनी विचारलंच.

"मॅडम, हे सिली आलं कुठून हो?"

मॅडमनी पर्स खाली ठेवली. "फार जुना शब्द. मुळात अर्थ होता सुखी, देवाची कृपा असलेला."

"काय सांगता! मग एवढा घसरला कसा?"

"पायरीपायरीने. देवाचा लाडका तो निष्पाप. निष्पाप तो बापडा. बापडा तो दुबळा. आणि दुबळ्याला जग काय म्हणतं?"

"बावळट." आत्याबाईंचा हात शालीवर थबकला. "आपल्या महाभागासारखंच की! मुळात भाग्यवान, पण आता 'या महाभाग' म्हटलं की ओळखावं, टिंगल चाललीय."

मॅडम खळखळून हसल्या. आत्याबाई भाचीकडे वळल्या. "काय गं, काल मला कुठल्या काळातलं सिली म्हणालीस?"

भाची गोरीमोरी झाली. "आम्ही मैत्रिणी एकमेकींना सारखं म्हणतो, आत्या. जीव असतो त्यालाच म्हणतो. तू एका डागापायी कंबर मोडून घेतेस, मला बघवत नाही."

"हाही अर्थ खराच," मॅडम म्हणाल्या. "आजचा."

"मग मराठीत सांगायचं की!"

"मराठीत लाज वाटते," भाची पुटपुटली.

आत्याबाईंनी मॅडमपुढे स्टूल सरकवलं. "बसा. आता नाइसचं सांगा. ते तरी मुळात चांगलं होतं ना?"

"ते? ते मुळात अडाणी होतं."

"अरे देवा!" म्हणत भाचीही काउंटर सोडून जवळ येऊन उभी राहिली.