एव्हिडन्सचा अंगठा

"राधाकृष्ण, तुझ्या 'एव्हिडन्स'वर अंगठा नाही," कमरुद्दीन मास्तर वहीतून मान वर न काढता म्हणाले.

"आई देत न्हाई, मास्तर. म्हनती, तू शबुद नुसता फेकला, वापरला न्हाई."

मास्तर मनातून सुखावले. इतका कडक परीक्षक युनिव्हर्सिटीतही नसेल.

शेवगावच्या पोरांना मांजर, टोपी, आंबा सगळं इंग्रजीत येई. पण मॅट्रिकच्या पेपरात मांजर येत नाही, 'कॉन्सिक्वेन्स' येतो. म्हणून मास्तर दर सोमवारी प्रत्येकाला एक जड शब्द चिठ्ठीवर लिहून देत. आठवडाभर तो घरच्या बोलण्यात वापरायचा, अर्थ पटवायचा आणि चिठ्ठीवर वडीलधाऱ्याचा अंगठा आणायचा. लढाईमुळे कागद मिळेना, तेव्हा चिठ्ठ्या जुन्या लग्नपत्रिकांच्या होत्या. परत आल्या की मास्तर त्या एका जाड वहीत चिकटवत.

शब्द गावात मुरले. दात न बघता बैलाचं वय सांगणाऱ्या दलालाला बाजारात एका म्हाताऱ्याने सुनावलं, "हे तुझं ॲझम्प्शन हाय." सौदा तिथेच मोडला.

हेडमास्तर आप्पासाहेबांना हे पसंत नव्हतं. ही शाळा आहे की रजिस्टर कचेरी, असं ते विचारत. मास्तर अजून कायम झालेले नव्हते, आणि ते व्हायचं की नाही हे येत्या तपासणीवर होतं.

इन्स्पेक्टरसाहेब आले. बूट करकरले तसे बावीस पोरांच्या तोंडचे बावीस शब्द पळाले. राधाकृष्णला 'एव्हिडन्स'चा अर्थ विचारला, तर तो साहेबांच्या बुटांकडे अशा भक्तिभावाने बघत राहिला, की साहेबांनीच पाय मागे घेतले. मग साहेबांनी वही चाळली. अडाणी बायकांची साक्ष इंग्रजीच्या ज्ञानाला कशी चालेल, हा त्यांचा प्रश्न होता. मास्तर म्हणाले, बोलल्याची साक्ष ऐकणाराच देणार. साहेबांनी ते लिहून घेतलं नाही.

फाटकाशी राधाकृष्णची आई साळूबाई पेरूची पाटी घेऊन बसली होती. साहेबांनी एक पेरू उचलला आणि "किडका असेल," म्हणत खाली ठेवला.

"एव्हिडन्स दावा, सायेब," साळूबाई म्हणाली.

साहेबांनी चाकू काढून पेरू चिरला. आत पांढराशुभ्र. आप्पासाहेब आभाळाकडे बघू लागले.

"पुरावा म्हणता येत नाही का, बाई?"

"पुरावा म्हनलं की मानसं भांडत्यात. ह्ये म्हनलं की गप बसत्यात."

साहेबांनी गपचूप पेरू खाल्ला.

महिन्याने शेरा आला. वर्ग कच्चा, पद्धत नियमाबाहेर, शिक्षकाला कायम करू नये. खाली एक ओळ होती: फाटकाबाहेरील इंग्रजी समाधानकारक.

मास्तर गाव सोडून नगरला जायला सर्व्हिस मोटारीत बसले. साळूबाई खिडकीशी आली, मांडीवरची वही मागून घेतली आणि शेवटचं पान उघडलं.

"हितं तुमचा अंगठा ऱ्हायलाय."

"माझा कशाचा?"

"तुमी शबुद फेकला न्हाई, वापरला."

तिने मास्तरांच्या खिशातल्या गळक्या पेनावर आपला अंगठा घासला आणि कोऱ्या पानावर ठेवून दाबला.

मोटार सुटली. शाई ओली होती, म्हणून नगर येईपर्यंत मास्तरांनी वही मिटली नाही.