तिसऱ्यांदा नको

मारितने नव्या ब्रेलपट्टीवरून डावीकडून उजवीकडे बोटं फिरवली. पट्टी सुरू होती, पण बोटांखाली एकही टिंब उमटलं नाही.

"तुमच्या कॉम्प्युटरवरच्या लिनक्सशी ती बोलत नाही, ठाऊक आहे मला," स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोर बसलेला केंट म्हणाला. पट्ट्या बनवणाऱ्या कंपनीचा हा माणूस बर्फातून गाडी हाकत सेंट क्लाउडहून नवी पट्टी घेऊन डुलुथला आला होता. "म्हणूनच हे कागद आणलेत. पट्टी आणि कॉम्प्युटर आपसात काय बोलतात, ते सगळं यात आहे. जुळवून तुम्ही घ्यालच. फक्त बाहेर कुणाला दाखवायचं नाही, एवढी एक सही."

मारित जन्मांध. इस्पितळाचे कॉम्प्युटर ती घरून सांभाळायची आणि पडद्यावरची ओळ पट्टीच्या वरखाली होणाऱ्या टाचण्यांवर बोटांनी वाचायची. तिची जुनी पट्टी म्हातारीच्या दातांसारखी झाली होती, मधलीच अक्षरं गायब. गेल्या आठवड्यात अंदाजाने वाचलेला एक आकडा चुकला. पुन्हा असं झालं तर काम काढून घ्यावं लागेल, असं साहेबांनी गोड शब्दांत कळवलं होतं.

"म्हणजे मी जो प्रोग्रॅम लिहीन, तो दुसऱ्या कुणाला देता येणार नाही?"

"नाही ना. तेवढंच."

"मग नको," मारित म्हणाली. तिने लिंबाच्या वडीची बशी पुढे सरकवली. "लेमन बार घे."

"नको नको, खाऊन निघालोय."

"लहानसाच आहे रे."

"खरंच नको."

"पडून राहील नुसता."

केंटने बशी ओढली. मिनेसोटात पहिला 'नको' म्हणजे नमस्कार आणि दुसरा म्हणजे आईबापांचे संस्कार. तिसऱ्यांदा विचारल्यावर माणूस मनातलं बोलतो. त्यामुळे तिच्या 'नको'चंही केंटने काही मनावर घेतलं नाही.

"मालकीणबाईंनी खास तुमच्यासाठी काढून दिलंय हो," तो खाता खाता म्हणाला. "इतकी वर्षं हे कागद मागायला फोन करून तुम्ही आमच्या डोक्याचा भुगा केलात, आता मिळतंय तर घ्या."

"खास माझ्यासाठी आहे, तिथंच तर घोडं पेंड खातंय. मी ज्यावर काम करते ना, ते पडद्यावरचं वाचून देणारं सॉफ्टवेअर मेक्सिकोत, ओआहाकातल्या एका शाळामास्तरांनी लिहिलं आणि सगळ्यांना फुकट देऊन टाकलं. माझं नावही त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी असली सही केली असती तर मी कुठे असते? नको."

दुसरा 'नको' झाला. केंटने बोटांवरची साखर पुसली आणि आवाज उतरवला.

"मारितबाई, नोकरी जाईल तुमची. जगाचं जग बघेल. आज सही केलीत तर उद्या सकाळी धड वाचायला लागाल."

मारितने नवी पट्टी त्याच्याकडे परत सरकवली.

"जाईल कदाचित," ती म्हणाली. "भीती वाटते मला. तरी नको."

केंटच्या उभ्या आयुष्यात कुणी तिसऱ्यांदा नको म्हटलं नव्हतं. इतकी घाबरलेली आणि इतकी ठाम बाई त्याने कधी पाहिली नव्हती, आणि आपण तिला मोहात पाडत होतो याची त्याला लाज वाटली. त्याने खिडकीशी जाऊन मालकीणबाईंना फोन लावला. लॉइसबाईंचा आवाज मुळातच खणखणीत, तो स्वयंपाकघरभर ऐकू येत होता.

"केली का सही?"

"नको म्हणतात."

"अरे, पहिल्या फटक्यात कोण हो म्हणतं? पुन्हा विचार."

"विचारलं."

"मग अजून एकदा विचार."

"तेही विचारलं."

मारित उठली, सरावाने सिंकपाशी गेली आणि रिकामी बशी धुऊ लागली.

"तिसऱ्यांदाही?" लॉइसबाईंनी विचारलं.

"हो."

"म्हणजे खरंच नको आहे तिला." लॉइसबाईंनी सुस्कारा सोडला. "राहू दे ती सही. वकील थयथयाट करेल, त्याचं मी बघते. तिला विचार, सगळ्यांना वाचता यावं म्हणून हे कागद इंटरनेटवर कुठे टाकायचे?"

केंट विचारायला वळला. मारित त्याच्याकडे पाठ करून उभी होती. बशी केव्हाच स्वच्छ झाली होती, आणि तरी नळ चालू होता. तिचे खांदे हलत होते.

केंटने लगेच विचारलं नाही. नळ बंद होईपर्यंत तो फोन कानाला लावून तसाच उभा राहिला.